ये, बा, रा, आव

मल्लेश मास्तरांना ऐकू येत नाही, हे सगळ्या सोलापुरात एकाच बाईला माहीत होतं, आणि ती बाई स्वतः ठार बहिरी होती. ती म्हणजे मास्तरांची आई, सावित्रम्मा.

बहिऱ्या बाईला दुसऱ्याचा बहिरेपणा कळला कसा, असं कुणी विचारील. विचारणारा पूर्व भागातला नसणार. त्या भागात बोळाबोळांत यंत्रमाग खडखडतात आणि घरोघरी तेलुगू बोलतात. सावित्रम्माचं अर्धं आयुष्य अशाच एका मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. माग चालू असताना शेजारणीला हाक मारायची तर घसा फाडूनही उपयोग नसतो. म्हणून तिथल्या बायका आवाज टाकून देतात आणि नुसते ओठ हलवतात. सासूच्या कागाळ्या, पोरींची लग्नं, शेजारच्या सुनेचे कारभार, सगळं ओठांवर चालतं. मल्लेश लहानपणी शाळा सुटली की थेट शेडच्या दारात येऊन उभा राहायचा. आतून आई ओठ उघडायची: ‘रा’. तेलुगूत रा म्हणजे ये. आवाजाचा टिपूस नसलेलं ते ‘रा’ त्याला एवढ्या लांबून दिसायचं, आणि दोन मागांमधून वाट काढत तो तिच्या डब्यापाशी जाऊन बसायचा.

त्याच सावित्रम्माच्या लक्षात आलं, की आपला लेक हल्ली बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. एकदा जेवताना तिनं स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. मास्तरांनी मान खाली घातली आणि भाकरी मोडली. विषय तिथंच संपला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीसेक वर्षं त्यांनी कीबोर्ड वाजवला, म्हणून मास्तर. दुसऱ्यांच्या चाली, दुसऱ्यांची गाणी, आणि स्टेजवर पाठीशी माणसाएवढे स्पीकर. पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, आणि मास्तर टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. पण हात शिवशिवायचे. म्हणून एका बंद पडलेल्या शेडमागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सेकंड मालाच्या चादरी टांगल्या. कुठं रंग सांडलेला, कुठं मोराची मान वाकडी विणलेली. मध्ये एक पार्टिशन घालून त्यात भंगारातल्या एसटीची काच बसवली. काचेच्या पलीकडे गाणारा, अलीकडे मास्तर.

आणि हे सगळं जमेपर्यंत कान गेले होते. लहानपणी मागांनी अर्धे खाल्ले, उरलेले स्पीकरनी. आधी बारीक आवाज गेले, चिमण्या गेल्या, मग बोलण्यातली अक्षरं गळायला लागली. सगळ्यात वाईट म्हणजे डाव्या कानात सा एका जागी लागायचा आणि उजव्या कानात किंचित खाली. दोन्ही कान आपापल्या जागी ठाम. खरा कोणता, हे कुणाला विचारायचं? आंधळ्या गवंड्याला कुणी घर बांधायला देत नाही, हे मास्तर जाणून होते. झाकली मूठ त्यांनी घट्ट आवळून धरली होती.

अशात ती दोन पोरं आली.

ताबीश ट्रान्सपोर्टच्या कचेरीत मालाच्या पावत्या फाडायचा आणि उरलेल्या वेळात सोलापुरी दखनीत रॅप करायचा. तोंड इतकं जलद, की धडधाकट कानवाल्यालाही धाप लागावी. अंकिता मंद्रूपची. शहरात एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती, रोज एसटीनं यायची, आणि गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. दोघांची ओळख कुठल्याशा स्पर्धेत झाली होती. मिळून गाणं करायचं ठरलं, पण चाल कोण बांधणार, म्हणून कुणीतरी मल्लेश मास्तरांकडे बोट दाखवलं.

पहिले काही दिवस नुसतं चहा पिणं झालं. मग एका दुपारी अंकिताचा भाऊ युवराज, जो नोकरीसाठी पुण्याला गेला होता, त्याचा फोन आला. सणाला येणार नाही म्हणत होता. मंद्रूपकडं मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढतात; अंकिता आधी मराठीत भांडली, मग रडवेली होऊन कानडीतलं ‘ये’ म्हणाली, “बा की रं, बा.”

“हमारे में ‘आव’ बोलते,” ताबीश म्हणाला. “अम्मी बोली ना ‘आव’, तो मुर्दा बी उठ के आता.”

“आमच्यात ‘रा’,” मास्तर म्हणाले.

आणि त्यांची बोटं कीबोर्डवर गेली. ‘ये’ सा वर. ‘बा’ गंधारावर. ‘रा’ सगळ्यात उंच, पंचमावर. आणि ‘आव’ म्हणताना सूर घसरत पुन्हा खाली सा वर, एखादा माणूस जिना उतरून अंगणात यावा तसा. ये, बा, रा, आव. सोलापुरातून पुण्याला गेलेल्या सगळ्या युवराजांना सोलापूर चार भाषांत एकच शब्द म्हणत होतं. आपल्याला आपलं गाणं सापडलंय, हे तिघांनाही कळलं होतं.

मग ओळी आल्या. अंकितानं लिहिलं, ‘घडी मोडली न्हाय रं चादरीची, वाट बघती भाकर दुपारची.’ ताबीशनं लिहिलं, ‘पूना गया, नाम कमाया, घर का रस्ता भूल गया क्या?’ ठेका म्हणून मास्तरांनी आईच्या जुन्या शेडमधल्या मागाचा आवाज रेकॉर्ड करून आणला. पुण्यातल्या गाणी काढणाऱ्या एका कंपनीला कच्चा तुकडा धाडला, तर त्यांचा होकार आला. गणपतीच्या आत पूर्ण गाणं द्या, आम्ही बाहेर काढतो. आणि गाण्याखाली नावं जातील: गायिका अंकिता, रॅप ताबीश, संगीत मल्लेश.

संगीत मल्लेश! वीस वर्षं दुसऱ्याच्या चाली वाजवलेल्या माणसाला हे दोन शब्द काय वाटले असतील, ते ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात पेरणी केली त्यालाच विचारावं. मास्तरांना एवढंच हवं होतं. एक गाणं, स्वतःचं, आणि ते पुरं होईतो कानांचं बिंग फुटू नये.

बिंग फुटायला सुरुवात अशी झाली.

अंकिता काचेपलीकडे गात होती. उन्हाळा सरला होता तरी खोली भट्टीसारखी तापलेली; पंखा लावावा तर त्याचा आवाज येतो. चाल काळी चारमध्ये बांधली होती. पट्टी, म्हणजे गाणाऱ्यानं सा कुठं धरायचा ती जागा, मास्तरांनीच ठरवलेली. अंकिताला ती उंच पडत होती. एक टेक झाला, दुसरा झाला. मास्तरांनी हेडफोन गळ्यात उतरवून घाम पुसला. नेमकं तेव्हा ती काचेतून म्हणाली, “मास्तर, पट्टी उतरवा की. लई ताणतंय.”

तोंडासमोर माइकची काळी जाळी. मास्तरांना दिसलं ते एवढंच, की ओठ मिटले, उघडले, जीभ टाळूला लागली. डोक्यावर बल्ब तळपत होता. मास्तर उठले आणि त्यांनी बत्ती बंद केली.

मग ताबीश खो खो हसत सुटला. काचेपलीकडच्या अंधारात अंकिताही हसली असावी. पुढच्या टेकनंतर, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, तिनं पुन्हा ओठ हलवले, आणि बत्ती तर बंदच होती, म्हणून मास्तरांनी नुसती मान डोलावली आणि अंगठा दाखवला. ती गात राहिली.

त्याच आठवड्यात दुसरं झालं. एका टेकनंतर मास्तर टाळी वाजवून म्हणाले, “एक नंबर! हाच ठेवायचा.” पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“मास्तर,” ताबीश म्हणाला, “कुकर की सिट्टी बी गाने में लेरे क्या?”

शेजारच्या घरात डाळ शिजत होती. शिट्टी अंकिताच्या ओळीच्या बरोबर मध्ये वाजली होती. मास्तरांना तिचा गंधही नव्हता. “गंमत केली की रे,” ते म्हणाले आणि हसले. त्या दिवसापासून ते कुकरच्या वेळेला टेक घ्यायचं टाळू लागले. पण जगात बारीक आवाज काय एका कुकरचेच असतात?

राहिलं होतं ‘रा’. ते मास्तरांनीच गायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं. तेलुगू शब्द, तेलुगू तोंड. मास्तरांनी ते गायलं आणि पोरांना ऐकवलं. दोघांनी “छान, छान” म्हटलं, पण ते जरा जास्तच लवकर म्हटलं. मग ती दोघं काचेपलीकडे जाऊन उभी राहिली आणि माइक बंद असल्याची खात्री करून बोलू लागली. इथंच त्यांचा हिशोब चुकला. ज्याला शेजारी बसून ऐकू येत नाही, त्याला काचेपलीकडची कुजबूज स्पष्ट वाचता येते, हे त्यांना कसं माहीत असणार?

ताबीश म्हणाला, “रा बेसूर है ना?”

अंकिता म्हणाली, “व्हय. पण सांगणार कोण? मनाला लागंल त्यांच्या.”

“पूनेवालों को बोलते. किसी और से गवा लेंगे.”

मास्तर कीबोर्ड पुसत राहिले. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिले. घरी जाताना ते मनाची समजूत घालत होते. ‘बेसूर’ नसेल, ‘मशहूर’ असेल. ओठ तसेच मिटतात, शेवटी तसेच गोल होतात. रा मशहूर है ना? पण मग ‘मनाला लागंल’ कशाला? बुडत्या माणसाला काडी पुरते म्हणतात. मास्तरांना ती अशोक चौकापर्यंत पुरली.

घरी त्यांनी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं. त्यात एक काटा असतो. सूर बरोबर असला तर काटा मध्ये, उतरला तर डावीकडे. मास्तरांनी स्वतःचं ‘रा’ लावलं. काटा डावीकडे गेला आणि तिथंच बसला.

मग त्यांनी काट्याकडे बघत गायला सुरुवात केली. थोडं वर, अजून थोडं, आला मध्ये. पण काटा मध्ये असताना त्यांच्या स्वतःच्या कानाला तो सूर साफ खोटा वाटत होता. जे खरं होतं ते कानाला खोटं, आणि कानाला खरं ते काट्याला खोटं. असलं दुःख वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. तरी मास्तरांच्या मनात आलंच: काट्याकडे बघत गाऊन टाकावं, गुपचूप जुन्याच्या जागी बसवावं, कुणाला काय कळतंय? उद्या करू, असं ठरवून ते पडले.

उद्या उजाडला आणि पोरं आली तीच तोंडं पाडून. अंकिताच्या गळ्याला भर गरमीत स्कार्फ गुंडाळलेला. ताबीश दारातूनच बोलायला लागला.

“आवाज गया उसका! डॉक्टर बोले, पंधरा दिन एक लफ्ज नहीं निकालने का. दो बार बोली वो आपको, दो बार! आप बत्ती बुझाए, अंगूठा दिखाए. हम हंसे. मगर वो समझी, मास्तर को मंजूर नहीं. बडे आदमी को तिसरी बार कैसे बोलना?”

एवढ्या जलद दखनीतलं अर्धंच मास्तरांना कळलं. ते ताबीशच्या तोंडाकडे टक लावून उभे राहिले. अंकितानं ताबीशला हातानं थांबवलं आणि स्वतः ओठ हलवायला लागली. आवाज काढायची बंदी होती, रागाला बंदी नव्हती.

“क्या बोलरी? टाइप कर ना,” म्हणत ताबीशनं मोबाइल पुढं केला. तिनं तो बाजूला ढकलला. त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मास्तरांना मात्र एकेक अक्षर कळत होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा ही पोर त्यांच्या आईच्या भाषेत बोलत होती.

ती म्हणत होती, “दोनदा सांगितलं तुमाला. पट्टी उतरवा म्हणाले. तुमी ऐकलं न्हाई. मी आपली गात ऱ्हायले. एकच गळा हाय मला, मास्तर.”

“पट्टी?” मास्तर म्हणाले. “मला बत्ती दिसलं.”

दिसलं! शब्द निघून गेला आणि मगच मास्तरांना कळलं, की आपण ‘ऐकू आलं’ म्हणालो नाही. अंकिताचे ओठ थांबले. तिच्याही ध्यानात आलं, की आपण आवाज काढलेला नाही आणि समोरच्या माणसानं उत्तर दिलंय.

“दिखा? मतलब?” ताबीश म्हणाला.

मास्तर खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेड, स्पीकर, कुकर, डाव्या कानातला सा आणि उजव्या कानातला सा, काचेपलीकडची कुजबूज, काटा. सांगताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. म्हणजे त्या वेळी कुणी काही बोललं असतं, तरी त्यांना कळलं नसतं. शेवटी मान वर केली तेव्हा अंकिताचे डोळे भरले होते, पण राग गेलेला नव्हता. तिनं सावकाश, त्यांना नीट दिसावं म्हणून सावकाश, ओठ हलवले.

“आमी आमचा गळा तुमच्या कानावर सोडला हुता.”

आणि दोघंही निघून गेली. मास्तरांना शिव्या चालल्या असत्या. हे वाक्य चाललं नाही. काट्याचा गुपचूप बेत त्यांनी तिथंच टाकून दिला.

दोन दिवस ते टॉवेलच्या घड्या घालत होते आणि ते वाक्य डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते अंकिताच्या मेडिकलच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक सरल्यावर पुढं झाले आणि पाठ केल्यासारखं बोलले.

“गाणं काळी तीनमध्ये उतरवतो. तुझा गळा बरा झाल्यावरच गायचं, गणपती गेले तर गेले. आवाज मिसळायचं शेवटचं काम मी करणार न्हाई, ताबीशच्या वळखीचा पोरगा हाय त्याला द्या. माझं ‘रा’ मी काढून टाकलंय. नाव काढायचं असंल तर तेपण काढा.”

अंकिताचे ओठ हलले. “चाल तुमची हाय. नाव कशाला काढायचं?” आणि थोडं थांबून, “खोटं बोललात ते मात्र इसरणार न्हाई.”

“इसरू नको,” मास्तर म्हणाले.

पंधरा दिवसांनी ती आली. गणपती तोंडावर आले होते. ती जपून गात होती, गळ्याला अजून भरवसा नव्हता. काळी तीनमध्ये चाल अंगाबरोबर बसली. ये, तिनं गायलं. बा, गायलं. पुढचं ‘रा’ रिकामं होतं, नुसता माग खडखडत होता. ती जागा मोजायची म्हणून, आणि गळा वाचवायचा म्हणून, तिनं तिथं आवाज न काढता नुसते ओठ उघडले: रा.

काचेअलीकडे मास्तरांचा हात कीबोर्डवरच थांबला. समोर माग वाजत होता, पलीकडे एक बाई बिनआवाजाचं ‘रा’ म्हणत होती, आणि पन्नाशीला आलेला हा माणूस शाळेचं दप्तर घेऊन दारात उभा होता. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. लपवायचं आता उरलं होतंच काय?

“तिथं कायपण भरायचं न्हाई,” ते म्हणाले. “ती जागा मोकळीच ऱ्हाऊ द्या. आमच्यात ‘रा’ असंच म्हणतात.”

ताबीशनं डोळे बारीक केले. आता तो मास्तरांशी सावकाश आणि समोर बघून बोलायला शिकला होता. “मास्तर, बुरा नक्को मानो. ये बहाना तो नहीं? आपसे लगता नहीं, इसलिए?”

“ते पण हाय,” मास्तर म्हणाले. “आणि हे पण हाय.”

पुण्याच्या कंपनीतल्या माणसाला मात्र यातलं काहीच पटलं नाही. गाणं ऐकून फोनवर तो म्हणाला, “मध्येच आवाज गेलाय तुमचा. दुरुस्त करा. नाहीतर इथल्या एका मुलीकडून आम्ही ते भरून घेतो, परवापर्यंत सांगा.” ताबीशला त्याचं म्हणणं अगदीच चूक वाटत नव्हतं. अंकिताचंही मन हेलकावत होतं. गाण्याच्या सगळ्यात उंच जागी भोक कोण ठेवतं? शेवटी तिघांत ठरलं: मागांच्या शेडमध्ये नेऊन वाजवायचं. ज्यांचा शब्द आहे त्यांनी ऐकताना आपणहून ती जागा भरली, तर मोकळी ठेवायची. नाही भरली, तर पुण्याची मुलगी ‘रा’ म्हणेल आणि मास्तर तोंडातून ब्र काढणार नाहीत.

सावित्रम्माला स्कूटरवर मागं बसवून मास्तर तिच्या जुन्या शेडवर आले. जेवणाची सुट्टी झाली होती, माग थांबले होते. बायका शेडच्या आतच, भिंतीलगत रांगेनं डबे उघडून बसल्या होत्या. शिवम्मा, मायाक्का, अजून दहा-बाराजणी, गलका करत. सावित्रम्माला त्यांनी दारापाशी स्टुलावर बसवली, हातात भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. मास्तर पार पलीकडे, आतल्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

ताबीशनं स्पीकर मधोमध ठेवला आणि गाणं लावलं.

मागाचा ठेका सुरू झाला, खटक-खट, खटक-खट, आणि बायकांचा गलका विझला. अंकिताची ओळ आली. कुणीतरी मान डोलावली. ताबीशच्या ओळीला तरण्या पोरी हसल्या. मग ती हाक आली. ये. बा. आणि मोकळी जागा. खटक-खट. एकीच्याही तोंडातून आवाज निघाला नाही. आव.

दुसऱ्यांदा हाक आली. पुन्हा ती जागा तशीच गेली. तिसऱ्यांदाही. ताबीशनं वाकून गाणं बंद केलं. अंकितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. दोघं मास्तरांकडे आली, आणि ताबीश त्यांच्या समोर उभा राहून, सावकाश, शक्य तेवढ्या मऊपणे म्हणाला, “कोई नहीं बोला, मास्तर.”

मास्तरांचा चेहरा मात्र वेगळाच झाला होता.

“न्हाई बोललं?” ते म्हणाले. “अरे, सगळ्या बोलल्या! परत लाव. आणि आता ऐकू नका. बघा.”

पोरं गोंधळली. ताबीशनं पुन्हा गाणं लावलं. माग वाजू लागला, आणि माग वाजू लागला की ज्या बायका जन्मभर आवाज टाकून देत आल्या, त्यांनी तो आताही टाकला. ये. बा. आणि त्या मोकळ्या जागी मायाक्काचे ओठ उघडले. शिवम्माचे उघडले. तोंडात घास असलेलीचे उघडले. भिंतीलगतच्या सगळ्या रांगेनं, आवाजाचा टिपूस न काढता, एकाच ठेक्यावर म्हटलं: रा.

अंकितानं ताबीशचा दंड धरला. त्यालाही दिसलं होतं. “या अल्ला,” तो म्हणाला, आणि त्यानंही ते नकळत बिनआवाजीच म्हटलं.

पुन्हा हाक आली. ये. बा. आता आतल्या भिंतीशी उभ्या असलेल्या मास्तरांनीही दाराकडे, आईकडे बघत ओठ उघडले.

दारापाशी सावित्रम्मा बसली होती. तिला ना गाणं ऐकू येत होतं, ना माग. तिला दिसत होती फक्त ओठांची एक रांग आणि पलीकडे उभा असलेला लेक, आणि ती सगळी माणसं जणू तिलाच एकच शब्द म्हणत होती. तिनं भाकरी स्टुलावर ठेवली, पदराला हात पुसले, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि बहिरी माणसं बोलतात तशी सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “वस्तुन्ना, वस्तुन्ना!” आले, आले.

आणि दोन बंद मागांमधून वाट काढत, गाणं संपायच्या आत, ती लेकापाशी येऊन उभी राहिली.